बंदराचा गाळ, डोंगराची माती



मागच्या पंधरवड्यात पोलादपूर तालुक्यातील एका वाडीवर खरिपाच्या तयारीची सभा होती. बियाण्याला मीठपाणी लावणे, खतांचे हप्ते, नाचणीची लावणी असे नेहमीचे विषय झाले आणि चहा फिरू लागला. तेवढ्यात एका तरुण शेतकऱ्याने वर्तमानपत्राची घडी माझ्यापुढे धरली. पालघर जिल्ह्यातील वाढवण येथे होणाऱ्या बंदराची बातमी होती. तो म्हणाला, "साहेब, हे बंदर शहात्तर हजार कोटींचं. आमच्याकडे वरकस जमिनीत दोन पोती नाचणी. आम्हा डोंगरवाल्यांचा बंदराशी संबंध काय?"

मी उत्तर देण्याआधीच कोपऱ्यात बसलेले एक म्हातारे गृहस्थ हसले. म्हणाले, "पोरा, बंदर आपल्या महाडातच होतं की. ते कुठं गेलं, ते विचार साहेबांना."

सभा संपायला आली होती, म्हणून मी दोन वाक्यांत सांगून वेळ मारून नेली. पण म्हाताऱ्याचा प्रश्न मनातून जाईना. त्याचे नीट उत्तर आज या पानावर देतो. पावसाला अजून थोडे दिवस आहेत. उत्तर पटले, तर त्या दिवसांत करण्यासारखे कामही त्यात आहे.

घाट आणि समुद्र यांची गाठ

सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूरच्या दरीतून खाली येते, महाडजवळ तिला गांधारी मिळते, आणि दासगाव, आंबेत करीत ती बाणकोट व हरिहरेश्वर यांच्यामध्ये समुद्राला मिळते. समुद्राची भरती या खाडीतून आत चढत थेट महाडपर्यंत येते. भरतीच्या पाण्याबरोबर पडाव आणि मचवे वर यायचे आणि ओहोटीबरोबर खाली जायचे. वल्हे आणि शीड यांच्या जोडीला चंद्र मदतीला होता, म्हणून समुद्रापासून इतक्या आत असूनही महाड हे बंदर झाले.

दुसऱ्या बाजूने वरंध घाट आणि पार घाट येथे उतरत होते. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवर व पुढे गाड्यांतून खाली येई. मीठ, सुकी मासळी, खारीक असा समुद्राकडचा माल वर जाई. घाट जेथे संपतो आणि भरती जेथपर्यंत पोचते, ती दोन्ही ठिकाणे एकच असणे हे महाडचे भाग्य होते. गंधारपाले येथील लेणी पाहिली म्हणजे ही वाट किती जुनी आहे ते कळते. खाडीच्या तोंडाचे महत्त्व इंग्रजांनाही ठाऊक होते. १७५५-५६ च्या सुमारास त्यांनी बाणकोट आपल्याकडे घेतले आणि तेथील किल्ल्याला फोर्ट व्हिक्टोरिया असे नाव दिले.

मग हे बंदर गेले कुठे? एका रात्रीत गेले नाही आणि एका कारणाने गेले नाही. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली आणि घाटावरचा माल रुळांवरून सरळ मुंबईला जाऊ लागला. पुढे मोटाररस्ते झाले. जहाजे मोठी झाली, त्यांना जास्त खोल पाणी लागू लागले. आणि त्याच काळात खाडीचे पाणी मात्र उथळ होत गेले. मुंबईच्या चुलींना लाकूड आणि कोळसा हवा होता. तो आपल्या डोंगरांवरून गेला, आणि बराचसा याच खाड्यांतून, याच गलबतांतून गेला. डोंगर उघडे पडले, माती सुटली, ती नदीत आली आणि नदीने ती खाडीत नेऊन टाकली. ज्या बंदरातून जंगल गेले, त्याच बंदरात त्या जंगलाखालची माती मागून येऊन बसली.

म्हाताऱ्यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हे असे आहे. आधी माल गेला आणि पाठोपाठ खोली गेली.

बंदर कशावर जगते?

बंदर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जहाज आणि क्रेन येते. पण बंदराचे जगणे तीन गोष्टींवर आहे : खोल पाणी, मागच्या मुलखातून येणारा माल, आणि तो माल आणणारा रस्ता किंवा रूळ. विहिरीला जसा झरा, तोंड आणि रहाट, तसेच हे आहे. तिन्हींपैकी एक जरी नसले, तरी बाकीची दोन फुकट जातात.

आपल्याच रायगड जिल्ह्यात उरणजवळ न्हावा-शेवा बंदर आहे. २६ मे १९८९ रोजी ते सुरू झाले. आज ते देशातील अगदी मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे. कंटेनर म्हणजे माल भरण्याची लोखंडी पेटी. तिचे माप वीस फुटी पेटीवर धरतात. २०२४-२५ या एका वर्षात त्या मापाने सत्तर लाखांहून अधिक पेट्या या बंदरातून गेल्या-आल्या. येथे सुमारे पंधरा मीटर पाणी लागणारी जहाजे यावीत म्हणून समुद्रातला मार्ग खणून खोल करावा लागला. एकदा खणले म्हणजे झाले असे नाही. समुद्र आणि खाड्या गाळ आणत राहतात, आणि ड्रेजर लावून तो काढत राहावे लागते. आपण दर वर्षी पाट साफ करतो, तसेच ते काम आहे. फरक इतकाच, की तेथे फावड्याच्या जागी जहाज लागते आणि खर्च कोटींत होतो.

अशा बंदराचा कारभार कसा चालतो, हेही समजून घेण्यासारखे आहे. बंदराचे प्राधिकरण हे जमीनमालकासारखे असते. जमीन, पाणी, जहाजांचा मार्ग, दिवे आणि वाटाडे हे त्याच्याकडे. माल चढवण्या-उतरवण्याचे धक्के मात्र ते खासगी कंपन्यांना काही वर्षांच्या कराराने देते, आपण जमीन खंडाने देतो तसे. न्हावा-शेव्यात असा पहिला खासगी धक्का १९९९ मध्ये सुरू झाला. खंडकरी चांगला असेल तर शेत सुधारते; पण बांधबंदिस्ती कोणी करायची हे करारात नीट लिहिलेले नसेल, तर भांडण ठरलेले. बंदरांचेही तेच आहे.

मोठी बंदरे केंद्र सरकारच्या अखत्यारीत, तर बाणकोटसारखी लहान बंदरे राज्याच्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहेत. हे मंडळ १९९६ मध्ये स्थापन झाले. वाढवणचे बंदर हे न्हावा-शेव्याचे प्राधिकरण आणि सागरी मंडळ या दोघांच्या भागीदारीतले आहे. केंद्राने जून २०२४ मध्ये त्याला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. तेथे किनाऱ्याजवळच नैसर्गिक खोली मोठी आहे, म्हणून ती जागा निवडली गेली. तेथील मच्छीमारांचा मात्र या बंदराला वर्षानुवर्षे विरोध आहे, हेही लपवून चालणार नाही. न्हावा-शेवा आणि नवी मुंबई उभी राहताना उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले, तेव्हा कोठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची वाट मोकळी झाली. बंदराचा हिशोब करताना ही किंमतही मांडली पाहिजे.

आता आपल्या जवळचे बंदर पाहा. श्रीवर्धन तालुक्यातील दिघी हे राजपुरी खाडीवर आहे. जागा चांगली, पाणी चांगले. खासगी कंपनीकडून ते उभे करण्याचा करार झाला, धक्के बांधले गेले, पण बंदराला आगगाडीची जोड मिळाली नाही, रस्ता अरुंद राहिला आणि पुरेसा माल आला नाही. कर्ज चढले आणि कंपनी दिवाळखोरीत गेली. शेवटी फेब्रुवारी २०२१ मध्ये अदानी समूहाच्या बंदर कंपनीने ते ताब्यात घेतले. खोल पाणी असूनही नुसत्या पाण्यावर बंदर जगत नाही, याचा हा शेजारचाच धडा आहे.

एका दूरच्या बेटाची गोष्ट

डोंगराळ मुलूख, लहान शेतकरी आणि बंदर यांचे नाते पाहायचे, तर वेस्ट इंडीजकडे जावे लागेल. क्रिकेटमुळे हे नाव आपल्या घराघरांत पोचले आहे. त्या बेटांपैकी सेंट लुसिया हे एक चिमुकले बेट. कास्त्री आणि व्यू फोर्ट ही त्याची दोन मुख्य बंदरे. बेट लहान, म्हणून दोन्ही बंदरे आणि विमानतळ यांचा कारभार एकाच सरकारी प्राधिकरणाकडे आहे.

जमीन आपल्यासारखीच चढउताराची, पाऊस धो धो, आणि शेतकरी दोन-चार एकरांचा. १९५० नंतर तेथे केळीचे पीक वाढले. इंग्लंडची एक कंपनी नियमित जहाज पाठवू लागली. जहाज येण्याच्या दिवशी डोंगरातून केळी बंदरावर उतरत. हमखास गिऱ्हाईक, हमखास जहाज. घरात नियमित पैसा येऊ लागला. तेथील लोक केळीला हिरवे सोने म्हणत.

पण त्यात दोन खोट्या होत्या. पहिली अशी, की एकच पीक, एकच गिऱ्हाईक आणि एकच जहाज. इंग्लंड-युरोपने या बेटांना दिलेल्या सवलतीविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार झाली आणि १९९७ मध्ये निकाल बेटांच्या विरुद्ध गेला. हजारो शेतकऱ्यांना केळी सोडावी लागली. आज कास्त्रीच्या धक्क्याला प्रवाशांची मोठमोठी जहाजे लागतात, पण डोंगरातल्या शेतकऱ्याजवळ त्या जहाजांना देण्यासारखा माल थोडाच असतो.

दुसरी खोट मातीची. चढावरचे रान काढून केळी लावली गेली होती. ऑक्टोबर २०१० च्या अखेरीस 'टोमास' नावाचे वादळ आले. दरडी कोसळल्या, केळी आडव्या झाल्या, आणि बेटाला पाणी पुरवणाऱ्या मुख्य धरणात इतका गाळ येऊन बसला, की पिण्याच्या पाण्याचे हाल झाले. माती शेतातून गेली ती गेलीच, वर धरणाचे पोटही भरून गेली.

हे वाचताना तुम्हाला आपलीच आठवण आली असेल. मलाही ती आली.

गाळ म्हणजे काय, याचा हिशोब

२२ जुलै २०२१ ची तारीख महाड-पोलादपूरकरांना सांगावी लागत नाही. महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलीमीटर पाऊस पडला. ते पाणी सावित्रीतून उतरले. महाडच्या बाजारपेठेत पाणी चढले. तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन या गावांनी हेच भोगले होते.

पूर अडवणे कोणाच्या हातात नाही. पण पुराचे पाणी जाण्याची वाट उथळ झाली असेल, तर ते बाजूला पसरणारच. भरतीची वेळ असेल तर अधिकच. म्हणून २०२१ नंतर सावित्री आणि गांधारी यांच्या पात्रातून यंत्रे लावून गाळ काढण्यात आला. ते आवश्यकच होते. पण गाळ काढणे म्हणजे गळक्या छपराखालचे पाणी बादलीने उपसणे. उपसावे तर लागतेच. पण छपरावरचे फुटके कौल बदलले नाही, तर बादली जन्मभर सुटत नाही.

ते फुटके कौल कोठे आहे? आपण एक साधा हिशोब करू. एक एकर उताराच्या जमिनीवरून फक्त एक मिलीमीटर जाडीचा थर वाहून गेला असे धरा. दोन नखे एकावर एक ठेवली, तर जेवढी जाडी होईल तेवढा थर. डोळ्यांना कळतही नाही. पण एकरभर पसरलेला हा थर गोळा केला तर सुमारे चार घनमीटर होतो, म्हणजे जवळजवळ दीड ब्रास माती! एखाद्या गावात चारशे एकर वरकस जमीन असेल, तर त्या एका गावातून एका पावसाळ्यात पावणेसहाशे ब्रास माती ओढ्यात गेली. आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलीमीटरच्या वर. सावित्रीला पाणी देणारी अशी गावे किती, ते तुम्हीच मोजा.

ही माती म्हणजे जमिनीच्या वरचा थर. शेणखत, राबाची राख, पालापाचोळा हे सगळे त्यातच असते. आपण पोत्याने विकत घेतलेले खत या मातीबरोबर बाणकोटच्या खाडीत जाते. तेथे त्याला कोणी विचारत नाही. येथे मात्र नाचणीचे कणीस हलके होत जाते. म्हाताऱ्यांच्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर हे आहे : महाडचे बंदर बरेचसे आपल्या वरकस जमिनीतूनच गेले, आणि अजूनही दर पावसाळ्यात जात आहे.

पावसाआधी काय करता येईल?

पहिली गोष्ट, उताराला आडवी रेषा काढायला शिका. त्यासाठी कोणतेही महाग यंत्र लागत नाही. पुरुषभर उंचीच्या दोन सरळ काठ्या घ्या. वरची टोके बांधून खाली पाय फाकवा, मध्ये आडवी काठी बांधा. इंग्रजी ए अक्षरासारखी चौकट होईल. वरच्या टोकापासून दोरीला दगड बांधून सोडा. चौकट जमिनीवर उभी करून दोन्ही पायांच्या जागी खुंट्या मारा आणि दोरी आडव्या काठीवर जेथे टेकते तेथे खूण करा. आता चौकट फिरवून डावा पाय उजव्याच्या जागी ठेवा आणि दुसरी खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मध्यावर तिसरी खूण करा. दोरी या मधल्या खुणेवर आली, की दोन्ही पाय एका पातळीत आहेत असे समजावे. मग एक पाय रोवून दुसरा फिरवत, खुंट्या मारत शेताच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जा. ही तुमची समपातळी रेषा. एक माणूस आणि एक शाळकरी मुलगी अर्ध्या दिवसात एकर-दीड एकर सहज आखतात.

दुसरी गोष्ट, त्या रेषेवर जिवंत बांध घाला. वाळ्याचे ठोंब पहिल्या चांगल्या पावसाबरोबर चार-सहा बोटांच्या अंतराने लावावेत. वाळ्याची मुळे पसरत नाहीत, खोल जातात, म्हणून पिकाला त्रास होत नाही. वाळा न मिळाल्यास गवती चहा लावा. तो घरातही उपयोगी. उतारावर कंबरभर खाली आलात की दुसरी ओळ घ्यावी. दोन-तीन पावसाळ्यांत ओळीच्या वरच्या अंगाला माती साठून आपोआप पायरी तयार होते.

तिसरी गोष्ट, बांधावर गिरिपुष्पाच्या फांद्या रोवा. ती बांध धरून ठेवते, आणि तिचा पाला चिखलणीच्या वेळी खाचरात गाडता येतो. राबासाठी झाडे छाटणे आणि गवत-कवळ जाळणे त्यामुळे कमी होते. उघडी भाजलेली जमीन पहिल्या पावसात सर्वांत जास्त माती देते, हे ध्यानात ठेवा.

चौथी गोष्ट, नाचणी-वरीच्या ओळी उताराला आडव्याच घ्या. वरून खाली घेतलेली ओळ म्हणजे पाण्याला दिलेला पाट. ज्यांना भातात नांगरट कमी करायची आहे, त्यांनी कर्जत तालुक्यातील नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी रूढ केलेले सगुणा भात तंत्र समजून घ्यावे. त्यात गादीवाफे एकदा केले की पुन्हा पुन्हा नांगरट-चिखलणी करावी लागत नाही, त्यामुळे माती सैल होऊन वाहत नाही.

पाचवी गोष्ट, लहान घळींत अनगड दगडांचे बांध घाला, आणि काम नेहमी माथ्यापासून पायथ्याकडे करा. खाली मोठा बंधारा बांधला आणि वर माथा उघडा ठेवला, तर बंधारा दोन पावसाळ्यांत गाळाने भरतो. वरकस जमिनीवर आंबा, काजू लावायचा असेल, तर रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग लागवड योजनेची चौकशी ग्रामपंचायतीत आणि कृषी कार्यालयात करा.

एक इशारा

येथे एक गोष्ट ठासून सांगतो. चर खणणे सर्वत्र योग्य नाही. चढ फार उभा असेल, खाली घरे असतील, जमिनीला भेगा पडल्या असतील, झाडे किंवा विजेचे खांब कलले असतील, किंवा नवे झरे फुटून गढूळ पाणी येत असेल, तर तेथे चर खणून पाणी मुरवू नका. मुरलेल्या पाण्याचे ओझे दरडीला ढकलते. अशा ठिकाणी पाणी अडवण्याऐवजी त्याला सुरक्षित वाटेने बाहेर काढावे, जमिनीवर गवत व बांबू राखावा, नैसर्गिक ओहोळ बुजवू नये. भेग दिसली की तलाठ्याला आणि तहसील कार्यालयाला कळवावे, आणि जोराच्या पावसात घर सोडण्याची वेळ आली तर भांडी-कुंडी गोळा करीत बसू नये. तळियेचा धडा आपण माणसांच्या मोलाने शिकलो आहोत.

आणि आपला माल?

त्या तरुणाचा प्रश्न अजून शिल्लक आहे. दोन पोती नाचणीचा बंदराशी संबंध काय? खरे सांगायचे तर दोन पोत्यांचा काही नाही. एका वीस फुटी कंटेनरात धान्य साधारण वीस-पंचवीस टन मावते. एका वाडीची नाचणी त्याच्या कोपऱ्यातही दिसणार नाही. पण पंचवीस वाड्यांनी एकाच जातीचे बी पेरले, एकाच पद्धतीने वाळवले, चाळले आणि एका शेतकरी कंपनीच्या नावाने विकले, तर तो माल मोजण्यासारखा होतो. गाव करी ते राव न करी, ही म्हण बंदराच्या दारातही खरी आहे.

समुद्रमार्ग आता नाजूक मालालाही मोकळा होत आहे. २०२२ मध्ये आपला आंबा राज्य पणन मंडळाच्या वाशी येथील केंद्रात प्रक्रिया होऊन न्हावा-शेव्यातून जहाजाने अमेरिकेला गेला. सुमारे पंचवीस दिवसांचा प्रवास त्याने सोसला. विमानापेक्षा जहाजाचे भाडे कितीतरी कमी. पण त्यासाठी बागेची नोंदणी, फवारणीची वही, एकसारखी प्रतवारी आणि वेळेवर पोचणारा ट्रक हे सगळे लागते. वेळ चुकली तर माल धक्क्यावर पडून राहतो आणि त्याचे भाडे आपल्यालाच चढते.

सेंट लुसियाचा धडा मात्र विसरू नका. बंदराच्या भरवशावर घरची चूल ठेवू नका. २० जुलै २०२३ रोजी आपल्या सरकारने साध्या पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. ती सप्टेंबर २०२४ मध्ये खुली झाली. त्याच सुमारास, २०२३ च्या अखेरीपासून, तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. युरोपला जाणारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, दहा-पंधरा दिवस वाढले आणि भाडी चढली. हे काही आपल्या हातात नाही. म्हणून आधी घरापुरते, मग महाडच्या बाजारापुरते, मग मुंबई-पुण्यापुरते, आणि त्यावर उरेल ते समुद्रापलीकडे, असा क्रम ठेवावा. वीर स्थानकावर कोकण रेल्वे आहे, महामार्ग दारात आहे. मुंबई-पुण्याची बाजारपेठ हेही आपले बंदरच समजा.

शेवटी एकच सांगणे

बंदराचे तीन आधार मी वर सांगितले : खोली, माल आणि वाट. वाट सरकारने करायची आहे, आणि त्यासाठी आपण मागणी करीत राहू. पण माल एकत्र करणे आणि खोली राखणे यांतला मोठा वाटा आपल्या हातात आहे. सावित्रीत पुन्हा गलबते येतील असे मी म्हणत नाही. तो काळ गेला. पण पाण्याची वाट खोल राहिली, तर महाडच्या पेठेतल्या दुकानदाराच्या घरात चिखल कमी जाईल, आणि वरकस जमिनीतली माती वरच राहिली, तर आपल्या नातवाच्या ताटात नाचणीची भाकरी राहील. खालचे शहर आणि वरची वाडी यांचे हित एकाच मातीत आहे.

या आठवड्यात एवढेच करा. दोन काठ्या, एक दोरी आणि एक दगड घेऊन वरकसावर जा आणि पहिली आडवी रेषा आखा. पहिला जोराचा पाऊस झाला की आपल्या ओढ्याचे पाणी काचेच्या बाटलीत भरून एक रात्र तसेच ठेवा. सकाळी तळाशी जेवढा थर बसेल, त्यावर तारीख लिहून बाटली माळ्यावर ठेवा. पुढच्या वर्षी दुसरी बाटली भरा. दोन थर शेजारी धरून पाहिलेत, की बांध उपयोगी पडला की नाही, हे विचारायला कोणा साहेबाकडे जावे लागणार नाही.

सभेतील म्हाताऱ्यांना माझा नमस्कार कळवावा. पुढच्या अंकात वाळ्याचे ठोंब कोठून व कसे आणावेत आणि ते पाऊस लांबला तरी कसे जगवावेत, याची माहिती देईन.